नजर कुठे ठेवायची

पहिला अंक संपत आलेला असतो आणि रंगमंचावर दोघीच उरतात. एक करड्या कपड्यांतली बाई आणि दुसरी तिच्या हातावर चढवलेली, केसाळ, मोठ्या डोळ्यांची बाहुली. बाहुलीचं नाव केट मॉन्स्टर. तिचं प्रेम नुकतंच फसलंय आणि त्याबद्दल ती एक संथ गाणं म्हणतेय. बाई लपलेली नाही. मध्ये पडदा नाही, टेबल नाही, चेहऱ्यावर काळं कापडही नाही. तिचे ओठ हलताना दिसतात, गळ्याची शीर ताणलेली दिसते. तरी पहिल्या दोन ओळींनंतर प्रेक्षकाचे डोळे बाईवरून सरकून बाहुलीवर जातात ते बहुतेक तिथेच राहतात. कारण अगदी साधं आहे. बाई स्वतः बाहुलीकडे बघत असते. रस्त्यात चार माणसं वर बघू लागली की पाचवा वर बघतोच, तसंच हे.

ही बाई म्हणजे स्टेफनी डाब्रुझो. नाटक ‘ॲव्हेन्यू क्यू’, न्यूयॉर्क, 2003. आणि गंमत अशी की त्याआधीची दहा वर्षं टीव्हीवर बाहुल्या चालवताना तिने नेमकं याच्या उलट शिकून अंगी बाणवलं होतं: बाहुलीकडे बघायचं नाही.

तिचा जन्म 1971 चा, पेनसिल्वेनियातल्या पिट्सबर्गचा. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकून 1993 च्या सुमारास ती ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये दाखल झाली. आपल्याकडे 2006 पासून ‘गली गली सिम सिम’मधून चमकी घरोघरी पोचली, त्याच कार्यक्रमाचं हे अमेरिकेतलं मूळ घर. 1969 पासून सुरू असलेल्या या मालिकेत तेव्हा बाहुली चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

टीव्हीवरच्या मपेटचं, म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या हातावर चढवायच्या बाहुल्यांचं, काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार वेगळं असतं. सेट बहुधा जमिनीवर उभारलेला नसतो. तो उंच उचललेला असतो, म्हणजे कलाकाराला खाली उभं राहून, हात डोक्यावर ताणून, बाहुली वरच्या ‘जमिनीवर’ चालवता येते. त्यामुळे बुटक्या कलाकाराची पंचाईत होते. एका ओळीत चार बाहुल्या चालायच्या असतील तर चौघांचे हात एकाच पातळीला यावे लागतात, मग कमी उंचीचे लोक जाड तळव्यांचे बूट घालतात किंवा पायाखाली फळ्या घेतात. सेट उचललेला नसेल, खऱ्या मुलांबरोबरचा प्रवेश असेल, तर चाकं लावलेल्या बसक्या फळीवर बसून किंवा सरळ जमिनीवर आडवं पडून काम करावं लागतं. डोक्याला पट्टा आणि त्याला तोंडासमोर येणारा माईक. स्वतःच्या ओळींचा कागद समोर कुठेतरी चिकटवलेला. आणि डोळे कुठे? पायाशी ठेवलेल्या छोट्या मॉनिटरवर.

मॉनिटर हा या कलेतला खरा शोध आहे. मपेटचे जनक जिम हेन्सन आणि जेन हेन्सन यांनी 1955 मध्ये वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीवर पाच-पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यांनी बाहुल्यांच्या खेळाची लाकडी चौकट काढूनच टाकली. टीव्हीचा पडदा हीच चौकट. कलाकाराने फक्त कॅमेऱ्याच्या खाली राहायचं आणि प्रेक्षकाला जे दिसतंय तेच चित्र मॉनिटरवर बघत बाहुली चालवायची. कठपुतळीवाल्याला किंवा पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्या ठाकर कलावंताला स्वतःचं पात्र समोरून कसं दिसतंय हे कधी कळत नाही, कारण तो त्याच्या मागे किंवा वर असतो. मॉनिटर आला आणि बाहुली चालवणारा स्वतःच पहिला प्रेक्षक झाला.

पण तिथेच नवशिक्याची फजिती होते. आरशात उजवा हात उजवीकडेच दिसतो. मॉनिटरवर तसं नसतं. कॅमेऱ्याकडे तोंड करून बाहुली उजवीकडे सरकवली की पडद्यावर ती डावीकडे जाते. पहिले काही महिने माणूस चौकटीतून बाहेर जाणारी बाहुली आत आणायला जातो आणि आणखी बाहेर घालवतो. आपला मेंदू आरशावर वाढलेला असतो, त्याला हे उलटं गणित शिकवायला वेळ लागतो. एकदा ते शिकलं की मग ते विसरता येत नाही, हेही खरं.

आता हाताकडे येऊ. बाहुलीच्या डोक्यात चार बोटं वर, अंगठा खाली. बोटं म्हणजे टाळू, अंगठा म्हणजे खालचा जबडा. नवखा माणूस बोलताना चार बोटं उचलतो, कारण ते सोपं असतं. परिणाम असा की प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं, जणू तिला सारखी शिंक येतेय. बोलायचं ते अंगठ्याने. अंगठा खाली पाडायचा, बोटं स्थिर ठेवायची, आणि त्याच वेळी मनगट पुढे वाकवायचं. हात वर धरला की पंजा आपोआप आभाळाकडे बघतो, मनगट वाकवलं नाही तर बाहुली समोरच्याशी न बोलता पंख्याशी बोलते.

आणि तोंड कधी उघडायचं? अक्षरागणिक नव्हे, उच्चारागणिक. मराठीत करून बघण्यासारखं आहे. ‘बटाटा’ला तीनदा तोंड उघडतं. ‘घर’ लिहायला दोन अक्षरं, पण उघडतं एकदाच. ‘कमळ’ला दोनदा. शेवटी मिटायचं असेल तर शब्द संपल्यावर. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उच्चाराच्या क्षणी तोंड मिटणं. आवाज आला की हात झटक्यात बंद होतो, कारण आपल्या पंजाला पकडायची सवय असते. मग बाहुली शब्द बोलत नाही, शब्द चावते. प, ब, म यांचा वेगळा त्रास. या उच्चारांना ओठ मिटावे लागतात आणि बाहुलीला ओठच नसतात. तेव्हा ‘बाबा’ म्हणण्याआधी तोंड क्षणभर मिटलेलं असेल याची काळजी घ्यावी लागते. घरातला मोजा घालून पाच मिनिटं वर्तमानपत्र वाचलं की यातल्या सगळ्या अडचणी एकेक करून भेटतात. सहाव्या मिनिटाला खांदा भेटतो.

खांद्याचं सांगायलाच हवं. बाहुली हलकी असते, आतून फोम आणि वरून फ्लीसचं मऊ कापड, तिचं ओझं नव्हे. ओझं हाताचं असतं. माणसाचा एक अख्खा हात शरीराच्या वजनाच्या साधारण 5 टक्के भरतो. 60 किलोच्या बाईला 3 किलो वजन डोक्यावर तोलत, हसतखेळत, आवाज बदलत तासन् तास उभं राहायचं असतं.

डाब्रुझोला सुरुवातीला मिळाली ती या धंद्यातली उमेदवारी. मपेट दोन जातीचे. एका जातीच्या हातांना बारीक सळया जोडलेल्या असतात, त्या कलाकार दुसऱ्या हाताने हलवतो. ‘सेसमी स्ट्रीट’मधला बर्ट त्यातला. दुसऱ्या जातीच्या बाहुलीचे हात म्हणजे मोकळे हातमोजे, आत खरा हात घालायचा. एर्नी आणि कुकी मॉन्स्टर यातले. मुख्य कलाकाराचा उजवा हात डोक्यात, डावा हात बाहुलीच्या डाव्या हातात. मग बाहुलीचा उजवा हात कुणाचा? तो शिकाऊ माणसाचा. मुख्य कलाकाराच्या काखेला चिकटून, कधी त्याच्या बरगडीत डोकं खुपसून, त्याने कुठला शब्द कुठल्या श्वासात उचलला हे ओळखून तो उजवा हात हलवायचा. चुकलात तर हात एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं हे लगेच दिसतं. बरोबर आलात तर तुम्ही तिथे होतात हे कुणालाच कळत नाही. आपल्याकडे तबलजीच्या घरी राहून आधी वर्षभर पाणी भरणारे शिष्य असत म्हणतात. त्यातला भाबडेपणा सोडला तरी इथला तर्क पटतो: दुसऱ्याचा श्वास ऐकता येणं हीच पहिली परीक्षा.

2000 सालापासून ती ‘ऊबी’ नावाच्या एका चमत्कारिक मालिकेत होती. तिथे बाहुलीच नव्हती. उघडा पंजा, त्यावर बसवलेले दोन डोळे, फार तर एखादी टोपी किंवा केसांच्या पिना. बोटं म्हणजे डोकं, अंगठा म्हणजे जबडा. डाब्रुझोच्या पंजाचं नाव होतं उमा, छोटी बहीण. फ्लीसची बाहुली चुका झाकते, आतल्या बोटांची थरथर बाहेर येत नाही. उघड्या पंजाला काहीच झाकत नाही. चिडलेली उमा आणि घाबरलेली उमा यांत फरक करायचा तो बोटांच्या सांध्यांनी, आणि बोलायचं दोन-तीन शब्दांच्या वाक्यांत, कारण प्रेक्षक दोन-तीन वर्षांचा. आमच्या मते तिच्या सगळ्या कामांत सर्वांत कठीण काम हेच, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

मग ‘ॲव्हेन्यू क्यू’ आलं. रॉबर्ट लोपेझ आणि जेफ मार्क्स यांची गाणी, जेफ व्हिटीची संहिता, जेसन मूरचं दिग्दर्शन, रिक लायनने घडवलेल्या बाहुल्या. कॉलेज संपलंय, नोकरी नाही, भाडं परवडत नाही, अशा तरुणांची गोष्ट. बाहुल्या मुलांच्या कार्यक्रमासारख्या, बोलणं मात्र चक्क मोठ्यांचं. 2003 च्या मार्चमध्ये व्हिनयार्ड थिएटरमध्ये ते सुरू झालं आणि 31 जुलैला ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीच्या, जॉन गोल्डन थिएटरमध्ये गेलं. मूळ संचात सात जण. तिघं साधी माणसं, बाहुल्या नसलेली. उरलेले चौघे, जॉन टार्टाग्लिया, डाब्रुझो, जेनिफर बार्नहार्ट आणि स्वतः लायन, बाहुल्या चालवणारे. चौघांनीही ‘सेसमी स्ट्रीट’चा स्टुडिओ पाहिलेला.

आणि इथे त्यांचं सगळं शिक्षण उलटंपालटं झालं. मॉनिटर नाही. खाली लपायला जागा नाही. बाहुली डोक्यावर नाही, छातीच्या उंचीला, कोपरातून वाकवलेल्या हातावर, कलाकाराच्या शेजारी. टीव्हीवर कॅमेऱ्याच्या भिंगात बाहुलीची नजर घातली की घरोघरच्या प्रत्येक मुलाला ती आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. नाट्यगृहात सातआठशे खुर्च्या, खाली एक मजला आणि वर बाल्कनी. बाहुलीची नजर खाली पडली की बाल्कनीला नुसतं टक्कल दिसतं, वर गेली की पहिल्या रांगांना हनुवटी. मध्ये कुठेतरी एक रेघ असते, ती तालमीत शोधावी लागते आणि मग दर संध्याकाळी मनगटाला लक्षात ठेवावी लागते, कारण तपासून बघायला पायाशी पडदा नसतो.

मराठी प्रेक्षकाला चालवणाऱ्यासकट बाहुली बघायची सवय आहे. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव यांच्यावर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. पण तिथली कला शब्दभ्रमाची. ओठ हलायचे नाहीत, आवाज बाहुलीतून आल्यासारखा वाटायला हवा, आणि शिवाय बोलणारे दोघं. पाध्ये एक पात्र, अर्धवटराव दुसरं. दोघांत भांडण लागतं, चेष्टा होते, म्हणून मजा. डाब्रुझो आणि केट दोघी नाहीत. त्या मिळून एकच पात्र आहेत. ओठ लपवायचे नाहीत, उलट केट हसली की डाब्रुझोच्या चेहऱ्यावरही ते हसू यायला हवं. इथे अभिनेत्रीचा कस लागतो. चेहरा कोरा ठेवला तर ती सामान वाहणाऱ्या हमालासारखी दिसते. चेहऱ्याने फार केलं तर प्रेक्षक तिच्याकडे बघू लागतो आणि बाहुली हातातलं खेळणं होऊन बसते. त्यावर उपाय म्हणून नजर. भाव चेहऱ्यावर पूर्ण आणायचा, पण तो केटच्या दिशेने पाठवायचा. टीव्हीच्या कलाकाराला चेहरा आहे हे कुणाला माहीत नसतं, त्यामुळे दहा वर्षं तिचा चेहरा आवाजाच्या कामापुरता वाकडातिकडा होत आलेला. तो एकदम आठशे माणसांसमोर आणायचा होता.

त्यात तिच्या वाट्याला दोन भूमिका. केट मॉन्स्टर बालवाडीतली मदतनीस, स्वतःची शाळा काढायचं स्वप्न बघणारी. आवाज वर, उजळ, जरा घाईचा. दुसरी लूसी, क्लबमध्ये गाणारी, आवाज खालच्या पट्टीतला, सावकाश, घोगरा. नुसता आवाज बदलून भागत नाही. केट बोलताना अंगठा पटकन पडतो, डोकं होकारार्थी हलतं. लूसीचं डोकं तिरकं, तोंड उशिरा मिटतं. एका प्रवेशात दोघी समोरासमोर येतात. केट लूसीच्या हातात चिठ्ठी देते, लूसी ती पुढे पोचवत नाही. बोलणारी एकच बाई. अशा वेळी एक बाहुली बार्नहार्टच्या हातावर जाते आणि आवाज मात्र डाब्रुझोचाच राहतो. म्हणजे बार्नहार्टला दुसरीच्या तोंडातून निघणाऱ्या शब्दावर, तो निघत असतानाच, अंगठा पाडायचा. आणि डाब्रुझोला लूसीचं बोलताना स्वतःच्या हातातल्या केटचं तोंड मिटलेलं ठेवून तिला ऐकायला लावायचं. तोंड आणि हात यांची जोडी दहा वर्षं पक्की झालेली असते. ती ऐन प्रयोगात तोडणं म्हणजे एका हाताने गोल आणि दुसऱ्याने चौकोन काढण्याचा प्रकार, तोही गात आणि रडत. पुढे केट एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून एक नाणं फेकते आणि ते खाली नेमकं लूसीला लागतं. फेकणारीही तीच, मार खाणारीही तीच.

आठवड्याला आठ प्रयोग. गायकाने छाती मोकळी ठेवावी, खांदे सैल ठेवावेत असं कुठलाही गाण्याचा मास्तर सांगेल. इथे एक हात सतत उचललेला, त्यामुळे त्या बाजूच्या बरगड्या ताणलेल्या, मान त्याच बाजूला वळलेली. लांब सूर धरायचा तो असा अर्धवट पिळलेल्या अंगातून. श्वास घेतानाही हिशेब असतो. अभिनेत्रीने श्वास घेतला की बाहुलीनेही घ्यायला हवा, म्हणजे मनगट किंचित उचलून पुन्हा खाली. नाहीतर शांत क्षणी बाहुली मेल्यासारखी दिसते. नवख्या लोकांचं इथेच चुकतं. त्यांची बाहुली बोलताना जिवंत असते, ऐकताना नसते. केटचं ते पहिल्या अंकाच्या शेवटचं गाणं पुन्हा आठवून बघण्यासारखं आहे. त्यात हालचाल जवळजवळ नाही. दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत बाहुलीचं डोकं थोडंसं झुकतं, थांबतं आणि मग सावकाश वर येतं, एवढंच.

ब्रॉडवेवरच्या नाटकांना मिळणाऱ्या 2004 च्या टोनी पुरस्कारांत संगीत नाटकातल्या प्रमुख अभिनेत्रीसाठी पाच नामांकनं होती: क्रिस्टिन चेनोवेथ, इडिना मेंझेल, डॉना मर्फी, टोन्या पिंकिन्स आणि स्टेफनी डाब्रुझो. पुरस्कार मेंझेलला गेला. सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मात्र ‘ॲव्हेन्यू क्यू’ने घेतला, मोठ्या खर्चाच्या ‘विकेड’ला मागे टाकून. पुरस्कारापेक्षा नामांकन महत्त्वाचं होतं असं एरवी हरलेल्यांची समजूत काढायला म्हणतात. इथे ते अक्षरशः खरं आहे. करड्या कपड्यांत, बहुतेक वेळ प्रेक्षकाऐवजी बाहुलीकडे बघणाऱ्या बाईचं काम हा अभिनय आहे आणि तो प्रमुख भूमिकेचा आहे, हे त्या यादीने मान्य केलं. नाटक ब्रॉडवेवर 2009 पर्यंत 2,534 प्रयोग चाललं आणि नंतर छोट्या नाट्यगृहात जाऊन 2019 पर्यंत टिकलं.

त्यानंतर तिने बाहुलीशिवायही कामं केली. 2006 मध्ये न्यूयॉर्कमध्येच एका छोट्या संगीत नाटकात, 2007 मध्ये ‘स्क्रब्ज’ या मालिकेच्या गाण्यांनी भरलेल्या भागात, जिला सगळं जग गाताना ऐकू येतं त्या रुग्णाच्या भूमिकेत. हात मोकळे ठेवून. पण ती पूर्णवेळ तिकडे वळली नाही. स्टुडिओत परतत राहिली.

फ्रॅन ब्रिलचं नाव इथे घ्यायला हवं. 1970 मध्ये, ब्रॉडवेवर नुकतंच काम करून आलेली ही अभिनेत्री हेन्सनच्या चमूत आली आणि ‘सेसमी स्ट्रीट’वर बाहुली चालवणाऱ्या बायकांची वाट तिने पाडली. प्रेअरी डॉन तिची, पुढे झोईही तिचीच. बरोबरीने नाटकं आणि चित्रपट चालूच. म्हणजे रंगमंच आणि सेटखालची अंधारी जागा अशी ये-जा डाब्रुझोच्या आधीच एका बाईने करून ठेवली होती, फक्त ब्रिलची दोन्ही कामं वेगवेगळ्या छपराखाली राहिली. 2014 मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली आणि नंतर प्रेअरी डॉन डाब्रुझोच्या हातावर आली.

दुसऱ्याची बाहुली चालवणं म्हणजे नक्कल नव्हे, पण सुरुवात नकलेनेच होते. आवाजाची उंची, वाक्याच्या शेवटी येणारा किंचित हट्टी सूर, डोकं कुठल्या बाजूला जास्त कलतं, हे सगळं जुन्या भागांतून टिपून घ्यावं लागतं. पन्नास वर्षांचा प्रेक्षकही लहानपणी ती पाहिलेला असतो आणि त्याला फरक लगेच कळतो. प्रेअरी डॉन ही गुलाबी कपड्यांतली, अत्यंत गंभीर लहान मुलगी. बाकीच्या मपेटना गोळा करून नाटुकली बसवते, स्वतः पियानोवर बसते आणि कुणी वाक्य विसरलं की वैतागते. तिचा पियानो वाजवण्याचीही एक पद्धत आहे. हातांच्या दोन्ही सळया कलाकाराच्या एकाच मुठीत, विणकामाच्या सुया धराव्यात तशा, बोटांनी फिरवून एक हात वर, एक खाली. दुसरा हात डोक्यात, कारण वाजवता वाजवता तिला रंगमंचावरच्या गाढव नटांकडे मान वळवून बघायचं असतं. तेवढ्या वेळात बोटं पट्ट्यांवरून घसरली तर तो भाग पुन्हा चित्रित होतो. सेटच्या खाली, डोक्याला माईकचा पट्टा बांधून, डाब्रुझो मान खाली घालून पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमध्ये बघत असते, आणि प्रेअरी डॉनला डावीकडे वळवायचं असेल तर हात उजवीकडे नेते.